घोडबंदर रोड कायम जाम का असतो? एकाच रस्त्यावर पडलेली चार कामं समजून घ्या

पावसाळा आला की घोडबंदर रोडचे व्हिडिओ सोशल मीडियावर फिरायला लागतात. गायमुखच्या चढावर बंद पडलेला ट्रेलर, त्याच्यामागे किलोमीटरभर गाड्यांची रांग, खड्डे चुकवत चाललेले दुचाकीस्वार. खाली कमेंटमध्ये कोणी महापालिकेला टॅग करतं, कोणी मेट्रोवाल्यांना, कोणी थेट मुख्यमंत्र्यांना. दोन दिवस आरडाओरडा होतो, डांबराचा एखादा थर पडतो आणि पुढच्या मोठ्या पावसात सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मग खड्डे बुजवले की प्रश्न सुटेल का? खड्डे बुजवायलाच हवेत, पण कोंडीचं मूळ त्याहून खोल आहे. ठाणे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग यांना जोडणारा हा राज्य महामार्ग आज एकाच वेळी चार वेगवेगळी कामं करतोय. त्यातलं प्रत्येक काम एका अख्ख्या रस्त्याचं आहे. ही चार कामं कोणती, ती या रस्त्याच्या गळ्यात कशी पडली आणि सध्या गाजत असलेल्या प्रकल्पांपैकी कोणता प्रकल्प यातलं कोणतं ओझं उचलणार, ते पाहूया.

आधी हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो?

एका टोकाला ठाण्याचा माजिवडा-कापूरबावडी परिसर. इथे मुंबई-नाशिक महामार्ग भेटतो. दुसऱ्या टोकाला वर्सावे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं 'फाउंटन'. इथे मुंबई-अहमदाबाद महामार्ग भेटतो. बाहेरचे लोक नावावरून गोंधळतात, पण हे वर्सावे वेगळं आणि अंधेरीचं वर्सोवा वेगळं.

मोजायला कुठून सुरुवात करता त्यावर या रस्त्याची लांबी साधारण १५ ते २० किलोमीटर भरते. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा करत रस्ता गायमुखला येतो. तिथून घाट आणि जंगल सुरू होतं. पुढे काजूपाडा, चेणे आणि मग वर्सावे.

नकाशा उघडून पाहिलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. ठाण्याहून निघालं की डाव्या हाताला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, उजव्या हाताला खाडी. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यातून रस्ता जातो आणि गायमुखजवळ हा पट्टा अगदी चिंचोळा होतो. दुसऱ्या शहरात एक रस्ता भरला की लोक मागच्या गल्लीतून गाडी काढतात. इथे डोंगर आणि खाडीमध्ये तशी मागची गल्लीच नाही.

घोडे, बंदर आणि किल्ला

घोडबंदर हे खाडीकाठचं जुनं गाव. अरबस्तानातून येणारे घोडे इथल्या बंदरात उतरायचे, म्हणून घोडबंदर, अशी नावाची फोड सांगितली जाते. पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला. खाडीतून ठाण्याकडे आणि वसईकडे होणाऱ्या वाहतुकीवर नजर ठेवायला ही जागा मोक्याची होती. पुढे चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम उघडली आणि १७३७ मध्ये हा किल्ला त्यांच्याकडे आला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी बेट घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवर त्यांचा ताबा पक्का झाला.

किल्ला आजही उभा आहे आणि मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत येतो. रोज या रस्त्यावर तासभर अडकणाऱ्या अनेकांनी मात्र तो कधी पाहिलेला नसतो.

मुंबईतही एक घोडबंदर रोड होता

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. वांद्र्यापासून अंधेरी, मालाड, बोरिवलीकडे जाणारा आजचा स्वामी विवेकानंद मार्ग, म्हणजे आपला एस. व्ही. रोड, पूर्वी घोडबंदर रोड म्हणूनच ओळखला जायचा.

१८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला आणि मुंबई बेट वांद्र्याला, म्हणजेच साष्टी बेटाला रस्त्याने जोडलं गेलं. वांद्र्याहून उत्तरेकडे निघालेला रस्ता साष्टीच्या वरच्या टोकाला, घोडबंदरच्या खाडीपर्यंत जायचा. रस्ता जिथे जातो त्याचं नाव रस्त्याला, ही जुनी साधी पद्धत. एक घोडबंदर रोड मुंबईहून यायचा, दुसरा ठाण्याहून. पुढे पश्चिम द्रुतगती महामार्ग झाला, मुंबईतल्या रस्त्याचं नाव बदललं आणि 'घोडबंदर रोड' हे नाव ठाणेकरांकडे राहिलं.

थोडक्यात, हा रस्ता मुळात शहरासाठी नव्हताच. ठाणं आणि खाडीकाठचं एक जुनं ठाणं, एवढ्यांना जोडणारा तो दुवा होता. वाटेत काय होतं, ते गावांची नावंच सांगतात. मानपाडा, पातलीपाडा, भाईंदरपाडा, काजूपाडा. पाडा म्हणजे छोटी वस्ती, बहुतेक वेळा आदिवासींची. आणि वाघबीळ या नावाला तर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरजच नाही.

काम पहिलं : बंदरातला माल गुजरातकडे नेणं

उरणजवळच्या जेएनपीए बंदरातून निघालेला कंटेनर गुजरातकडे कसा जातो? कळंबोली, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा, घोडबंदर रोड आणि मग अहमदाबाद महामार्ग, हा त्याचा नेहमीचा मार्ग. नाशिककडून आणि भिवंडीच्या गोदामांकडून गुजरातच्या दिशेने निघालेला बराच मालही इथूनच जातो.

या गाड्यांना ठाण्यात काही काम नसतं, त्यांना फक्त पलीकडे जायचं असतं. पण गायमुख घाटाचा चढ आणि वळणं यामुळे भरलेला ट्रेलर अगदी हळू चढतो. त्यात एखादा बंद पडला की मागचं सगळं थांबतं. म्हणूनच वाहतूक पोलीस गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी घालतात आणि घाटात मोठी दुरुस्ती निघाली की ही वाहनं भिवंडीच्या बाजूने अंजूरफाटा-कामण-चिंचोटी रस्त्याने वळवली जातात. पण अवजड वाहतुकीने तो रस्ताही वाकलेला आहे.

काम दुसरं : एका नव्या शहराचा मुख्य रस्ता

ठाणे महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ८ लाख होती. २००१ मध्ये ती साडेबारा लाखांवर गेली आणि २०११ मध्ये १८ लाखांच्या पुढे. म्हणजे २० वर्षांत शहर दुपटीहून मोठं झालं.

स्टेशनजवळचं जुनं ठाणं आधीच भरलेलं होतं. मोकळी जमीन होती ती घोडबंदरच्या पट्ट्यात. आधी या बाजूला काही कारखाने आणि बंगले होते. मग मोठ्या गृहसंकुलांची रांग लागली. मुंबईत वन बीएचकेला जे पैसे पडतात त्यात इथे टू बीएचके आणि खिडकीतून डोंगर, हे गणित मध्यमवर्गीय मराठी घरांना पटलं. दादर-गिरगावातली आणि डोंबिवली-मुलुंडमधली कितीतरी कुटुंबं इथे आली.

पण या पट्ट्यात रेल्वे स्टेशन नाही. कासारवडवलीच्या माणसाला लोकल पकडायची तर आधी सुमारे १० किलोमीटर रस्त्याने ठाणे स्टेशन गाठावं लागतं. ठाणे मध्य रेल्वेवर आणि बोरिवली पश्चिम रेल्वेवर. या दोघांना थेट जोडणारी लोकलही नाही, दादरला उतरून गाडी बदलावी लागते. त्यामुळे ऑफिस, शाळा, दवाखाना, बाजार, सगळ्यासाठी रस्ता एकच आणि तो म्हणजे हा राज्य महामार्ग.

शाळेची बस, रिक्षा, टीएमटी, स्कूटी आणि ४० फुटी कंटेनर एकाच रस्त्यावर चालतात, ते यामुळे. महामार्गाला वेग हवा असतो, तर शहराच्या मुख्य रस्त्याला चौक, थांबे, सिग्नल आणि पायी रस्ता ओलांडायची सोय लागते. दोन्ही एका जागी नीट बसत नाहीत. मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळला उड्डाणपूल बांधून, बाजूला सेवारस्ते देऊन ही दोन कामं वेगळी करायचा प्रयत्न झाला. काही काळ तो चाललाही. पण पुलावरून सुटलेली गाडी पुढे रस्ता आवळला की पुन्हा अडकतेच.

काम तिसरं : जंगलाच्या आतून जाणं

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. त्याचा बहुतांश भाग घोडबंदर रोडच्या दक्षिणेला येतो. नागला नावाचा एक तुकडा मात्र रस्त्याच्या उत्तरेला, खाडीच्या बाजूला आहे. म्हणजे गायमुखच्या पुढे हा रस्ता राष्ट्रीय उद्यानाला चिरून जातो. खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य आहे. प्राण्यांना उद्यानातून तिकडे जायचं तर मध्ये हा रस्ता आडवा येतो.

'आजोबा' हा मराठी सिनेमा अनेकांना आठवत असेल. तो एका खऱ्या बिबट्यावर बेतलेला होता. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला हा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला होता. २०११ मध्ये मुंबईजवळच्या महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला. या उद्यानाभोवतीचे रस्ते बिबट्यांसाठी काय आहेत, ते यावरून कळतं.

जंगलामुळे आणखी एक गोष्ट ठरते. घाटातला रस्ता वाटेल तसा रुंद करता येत नाही. वनजमिनीवर रुंदीकरण करायचं तर वन आणि वन्यजीव विभागाच्या परवानग्या लागतात. त्या सहज मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत, कारण हे राष्ट्रीय उद्यान आहे. त्यामुळे ठाण्याच्या बाजूला रस्ता कितीही रुंद केला तरी पुढे घाटात तो आवळतोच. बाटलीचं पोट मोठं केलं म्हणून तिची मान रुंद होत नाही.

काम चौथं : बांधकामाची जागा

वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४ सुमारे ३२ किलोमीटरची, आणि तिथून गायमुखपर्यंतची मेट्रो ४ अ पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. यातला ठाण्यातला मोठा भाग घोडबंदर रोडच्या डोक्यावरून जातो. खांब रस्त्यातच उभे राहिले. खांबांसाठी पत्रे लागले, पत्र्यांनी मार्गिका खाल्ल्या आणि त्यांच्याजवळ पाणी साचून डांबर उखडलं. २२ सप्टेंबर २०२५ रोजी गायमुखच्या बाजूने मेट्रोची चाचणी झाली, तोवर लोकांनी अनेक वर्षं हा त्रास सोसला होता.

त्यातच एमएमआरडीएने सेवारस्ते मुख्य रस्त्यात मिसळायचं काम हाती घेतलं. मुख्य रस्ता रुंद होईल आणि गाड्या सुटतील, ही त्यामागची कल्पना. रहिवाशांचा प्रश्नही साधाच आहे. सोसायटीच्या गेटमधून निघालेली स्कूटी सरळ कंटेनरसमोर येणार का? शाळेची बस कुठे थांबणार? सेवारस्त्याखालच्या जलवाहिन्या, गटारं आणि केबलचं काय? त्यासाठी पुन्हा खोदकाम होणार असेल, तर ते चालू रस्त्यातच होणार ना?

मग या रस्त्याचा मालक कोण?

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त भांडण याच प्रश्नावर होतं. राज्य महामार्ग म्हणून मूळ संबंध सार्वजनिक बांधकाम विभागाचा. रुंदीकरण आणि उड्डाणपूल एमएसआरडीसीच्या काळातले. मधल्या काळात 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीने खासगी कंपनी रस्ता सांभाळत होती आणि त्यासाठी टोल घेतला जात होता. मेट्रो आणि सेवारस्त्यांचं काम एमएमआरडीएचं. गटारं, पाणी आणि पथदिवे म्हटलं की महापालिका. त्यातही गायमुखपर्यंत ठाणे महापालिका आणि पुढे मीरा-भाईंदर. घाटात वन विभाग. पोलीसही दोन, अलीकडे ठाणे आयुक्तालय आणि पलीकडे २०२० मध्ये स्थापन झालेलं मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय.

गंमत वाटेल, पण गाडी सरळ चालवणाऱ्या माणसाला यातली एकही हद्द दिसत नाही. त्याला खड्डा दिसतो. तक्रार केली की उत्तर येतं, तो भाग आमच्याकडे नाही.

म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश इथल्या लोकांसाठी महत्त्वाचा आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमी झाल्यास दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असं न्यायालयाने सांगितलं. ही जबाबदारी फक्त महापालिकांवर टाकलेली नाही. एमएमआरडीए, एमएसआरडीसी, सार्वजनिक बांधकाम विभाग अशा रस्ते सांभाळणाऱ्या यंत्रणाही त्यात येतात. दोषी अधिकारी आणि ठेकेदारांकडून पैसे वसूल करण्याचाही त्यात उल्लेख आहे. तेव्हा खड्ड्याचा फोटो टाकताना जागा, तारीख आणि जवळचा चौक किंवा खांब क्रमांक लिहिला आणि तीच तक्रार संबंधित यंत्रणेकडे लेखी नोंदवून क्रमांक घेतला, तर ती नुसती पोस्ट राहत नाही. 'आम्हाला कळवलंच नव्हतं' असं म्हणायला मग जागा उरत नाही.

कोणता प्रकल्प कोणतं ओझं उचलणार?

घोडबंदर म्हटलं की रोज एका नव्या प्रकल्पाची बातमी येते. प्रत्येक बातमीत 'कोंडी फुटणार' हे शब्द असतात. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो : या रस्त्याच्या चार कामांपैकी हा प्रकल्प कोणतं काम काढून घेणार?

मेट्रो ४ आणि ४ अ : ठाणे, मुलुंड, घाटकोपर, वडाळ्याकडे जाणाऱ्या नोकरदारांचं ओझं कमी होईल. म्हणजे दुसरं काम हलकं होईल. पण माणूस घरातून मेट्रो स्टेशनपर्यंत कसा जाणार, यावर बरंच अवलंबून आहे. रिक्षाने जाणार असेल तर स्टेशनखाली नवी गर्दी होईल. गायमुखहून पुढे मीरा रोडकडे जाणारी मेट्रो १० प्रस्तावित आहे. तिच्याशिवाय पश्चिमेकडे जाणाऱ्यांना मेट्रोचा फारसा उपयोग नाही.

ठाणे-बोरिवली जुळा बोगदा : जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते याचं भूमिपूजन झालं. एकूण ११.८ किलोमीटरच्या मार्गात सव्वादहा किलोमीटरचा बोगदा, तोही राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून. ठाण्यातल्या टिकुजिनीवाडीहून बोरिवलीच्या मागाठाण्याला थेट. अंतर १२ किलोमीटरने आणि वेळ सुमारे तासाभराने वाचेल, असं सरकार सांगतं. याचा खरा फायदा ठाणे-बोरिवली प्रवास करणाऱ्यांना. गाड्यांचा एक मोठा प्रवाह घाटातून कमी होऊ शकतो. बोगद्याच्या तोंडाजवळ राहणाऱ्यांचा धुळीचा आणि डंपरचा प्रश्न मात्र वेगळा आहे.

बाळकूम-गायमुख खाडीकिनारी मार्ग : माजिवडा ते गायमुख या गर्दीच्या टप्प्याला बाहेरून पर्याय देण्याची ही कल्पना. पण तोही शेवटी गायमुखलाच येतो. पुढे घाट आहेच.

गायमुख-फाउंटन बोगदा : बाटलीच्या मानेवरचा उपाय हाच. हा बोगदा आणि पुढे भाईंदरकडे जाणारा उन्नत रस्ता यांच्या निविदांवरून वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२५ मध्ये एमएमआरडीएने निविदा रद्द केल्याचं न्यायालयाला सांगितलं. ज्या टप्प्यावर सगळं अडतं, त्याचंच काम असं मागे पडलं.

आता यादी पुन्हा पाहा. यातला एकही प्रकल्प बंदरातल्या कंटेनरला घोडबंदर रोडवर येण्यापासून थांबवत नाही. कंटेनरचा उपाय इथे नाहीच. तो आहे बदलापूरच्या बाजूला. वडोदऱ्याहून येणारा द्रुतगती मार्ग ठाणे शहराला बाजूला ठेवून बदलापूरमार्गे जेएनपीए बंदराकडे नेण्याची योजना आहे. तो पूर्ण झाला की गुजरातच्या मालाला माजिवडा आणि गायमुख घाटाची गरज उरणार नाही. म्हणजे कासारवडवलीच्या माणसाची सकाळ सोपी व्हायची असेल, तर कित्येक किलोमीटर दूरचा, त्याने कदाचित कधीच न पाहिलेला रस्ता वेळेत पूर्ण व्हायला हवा.

म्हणून पुढच्या वेळी घोडबंदरचा रस्ता रुंद होणार, नवा पूल येणार अशी बातमी दिसली, तर दोन गोष्टी तपासा. गायमुखच्या पुढे काय होणार आहे आणि अवजड वाहनं कुठून जाणार आहेत. या दोन्हींचं उत्तर त्या बातमीत नसेल, तर कोंडी फुटणार नाही. ती एका चौकातून पुढच्या चौकात जाईल, एवढंच.